जर्मन मास्तरांची वाटणी

एकाच न्हाव्याच्या हाती आपला गळा आणि डोके दोन्ही द्यायचे नाही, असा त्यांचा नियम होता. दाढी ते राजघाटावर बसणाऱ्या न्हाव्याकडून करून घेत आणि केस कापायला शनवारा पेठेतल्या दुसऱ्याकडे जात. चहाची पूड एका दुकानातून आणि साखर दुसऱ्यातून, म्हणजे हा मनुष्य घरी चहा पितो हे कोणत्याही एका दुकानदाराला समजू नये. रस्त्यात कुणी "कुठे निघालात?" असे विचारले तर भलतीच दिशा सांगत आणि मग, सांगितलेले खोटे ठरू नये म्हणून, थोडे अंतर त्या दिशेने चालूनही येत.

बुऱ्हाणपुरात त्यांना सगळे जर्मन मास्तर म्हणत. वास्तविक त्यांनी कोणत्याही शाळेत शिकवले नव्हते. तरुणपणी ते कापडाचे रंगकाम शिकायला जर्मनीत गेले, आणि पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा तिथेच अडकले. शत्रुराष्ट्राचा प्रजाजन म्हणून त्यांना तिथे नजरकैदेत ठेवले होते. युद्ध संपल्यावर परत आले, तर शत्रूच्या मुलखातून आलेला मनुष्य म्हणून इथल्या सरकारने त्यांच्यावर पहारा बसवला. मी त्यांना ओळखू लागले त्या काळातही एक शिपाई महिन्यातून एकदोनदा त्यांच्या दारासमोरच्या निंबाखाली विडी ओढत बसलेला दिसे. गावात दोन पक्ष होते. एक म्हणे, हे जर्मनांचे हेर आहेत. दुसरा म्हणे, हे पोलिसांचेच खबरी आहेत आणि तो शिपाई नुसता देखावा आहे. माझे वडील कोर्टात नकलनवीस होते. ते म्हणत, "दोहोंपैकी काय ते एकदा नक्की झालं, म्हणजे मी निर्धास्त झोपेन."

त्यांच्याकडे जाण्याची मला हौस नव्हती, गरज होती. रसायनशास्त्र घेऊन मी बी. एस्सी. झाले होते. नागपूरच्या एका प्राध्यापकांच्या हाताखाली संशोधनाची एक जागा रिकामी होती. मुलगी घेण्याचे त्यांच्या मनात नव्हते. पण मनात नाही असे स्पष्ट म्हणण्याऐवजी त्यांनी अट घातली, की उन्हाळ्याअखेर एक जर्मन शोधनिबंध समोर ठेवला जाईल आणि तो कोशाविना वाचून अर्थ सांगावा लागेल. त्या दिवसांत रसायनशास्त्रातले निम्मे ज्ञान त्या भाषेत छापले जात असे, तेव्हा अट अन्यायाची म्हणता येत नव्हती. ती पुरी केली तर नागपूर. नाही केली तर बाबांनी पाहून ठेवलेले एक स्थळ होतेच. तापीच्या दोन्ही काठांवर जर्मन जाणणारा मनुष्य एकच होता, आणि तो पलीकडच्या काठावर, जैनाबादला राहत होता.

एकटे जाण्याचा प्रश्नच नव्हता. माझ्याबरोबर आत्या आली. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. तिला देडतलाईला दिले होते. नवरा वारल्यावर दिरांनी जमीन ठेवून घेतली आणि तिला बैलगाडीत बसवून आमच्याकडे पोचवले. तेव्हापासून ती आमचे स्वयंपाकघर सांभाळत होती. तिला अक्षर वाचता येत नव्हते आणि माझे एकही वागणे पसंत नव्हते. नावेत ती माझ्याकडे पाठ करून बसे, कारण माझे केस उघडे असत. मी तिच्याकडे पाठ करून बसे, कारण ती बोलायची थांबत नसे.

मास्तरांनी दार बोटभर उघडले.

"कोणी पाठवलं?"

"कोणी नाही. मला जर्मन शिकायचं आहे. रसायनशास्त्रातले लेख वाचण्यासाठी."

"कशावरचे लेख? रंगांवरचे?"

"विषय अजून ठरलेला नाही."

"म्हणजे लपवताय."

"ती काय लपवेल, मास्तर?" आत्या माझ्या मागून म्हणाली. "तिच्या पोटात साधं भांडण बी दुपारपर्यंत टिकत नाही."

दार आणखी थोडे उघडले. मास्तरांनी आत्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, पुन्हा आत्याकडे पाहिले.

"ह्या रोज येणार?"

"त्यांच्याशिवाय मला पाठवणार नाहीत."

"उत्तम," ते म्हणाले. ह्या "उत्तम"चा अर्थ मला आठवडाभराने कळला.

ते सर्वांना "तुम्ही" म्हणत, अंगणातल्या मांजरालासुद्धा. आवाज हलका, कपडे स्वच्छ, नखांच्या कडा मात्र कायमच्या तांबूस. पहिले काही दिवस शिकवणी अगदी शिस्तीत चालली. लिपी, नामे, त्यांची तीन लिंगे. मग क्रियापदे आली. "फालेन" म्हणजे पडणे, "श्टेहेन" म्हणजे उभे राहणे, "गेहेन" म्हणजे जाणे. मी भराभर पाठ केली. तेव्हा त्यांनी सांगितले, की खरी भाषा इथून सुरू होते. ह्या प्रत्येक धातूला पुढे उपसर्ग लागतो आणि अर्थ बदलतो. उभे राहणे, त्याचेच समजणे होते, उठणे होते, उत्पन्न होणे होते. मी संस्कृत शिकलेली. हार, प्रहार, आहार, संहार मला ठाऊक होते, तेव्हा मी मान हलवली.

"तुमच्या संस्कृतात उपसर्ग धातूला चिकटलेला राहतो," ते म्हणाले. "इथे काही उपसर्ग सुटतात आणि वाक्याच्या अगदी टोकाला जाऊन बसतात. मधलं कितीही मोठं वाक्य असो. तुम्हाला वाटतं मनुष्य पडला. टोकाला पोचल्यावर कळतं, पडला नव्हताच, त्याला काही आठवलं होतं. म्हणून वाक्य संपेपर्यंत कोणत्याही क्रियापदावर भरवसा ठेवायचा नाही."

हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसले ते मी नंतर फारसे पाहिले नाही. आपल्या स्वभावाला व्याकरणाचा पाठिंबा आहे, हे कुणालाही आवडेल.

"मग ते उपसर्ग सांगा," मी वही उघडून म्हणाले.

"ते तुम्हाला मिळणार नाहीत. ते ह्यांना मिळतील."

त्यांनी उंबऱ्याशी बसलेल्या आत्याकडे बोट केले.

बुऱ्हाणपूरच्या रंगाऱ्यांत एक जुनी रीत आहे. एखाद्या घराण्याचा रंग नामांकित असला, तर त्याची कृती पुरी कोणा एका कामगाराच्या हाती देत नाहीत. रंगाचे माप एकाला ठाऊक, तो पक्का करणाऱ्या तुरटीचे दुसऱ्याला. मालक मध्ये उभा. एक जण फुटून दुसऱ्या कारखान्यात गेला, तरी अर्धाच रंग घेऊन जातो, आणि अर्धा रंग पहिल्या धुण्यात पाण्याबरोबर निघून जातो. मास्तरांनी जर्मनीहून आणलेला एक पक्का लाल रंग ह्या रीतीने सांभाळला नाही. सख्ख्या भावाला सगळी कृती विश्वासाने सांगितली. भावाने वर्षभरात तापीच्या अलीकडे आपला वेगळा कारखाना काढला. त्यानंतर मास्तर जैनाबादला राहायला गेले आणि कोणतीही वस्तू कुणाला पुरी द्यायची नाही असे त्यांनी ठरवले. चहाची पूड आणि साखर ह्यांच्या वाटणीचे मूळ मला तेव्हा सापडले.

शिकवणीची व्यवस्था अशी होती. आधी मी टेबलाशी बसून धातू शिके. त्या वेळी आत्या अंगणात, आणि ती कान देत नाही ह्याची खात्री पटावी म्हणून तिने मोठ्याने ओव्या म्हणायच्या. मग आत्या उंबऱ्याशी बसून उपसर्ग शिके. मी अंगणात, आणि मी धातूंची रूपे मोठ्याने घोकायची. आवाज क्षणभर थांबला की खिडकीत मास्तरांचे डोके दिसे. निंबाखालच्या शिपायाने हे पाहून काय समजूत करून घेतली असेल, देव जाणे. शेवटी आम्ही दोघी आत, जर्मन मासिकाचे एक पान पुढ्यात. मी वाचायचे, "थंड होताना क्षार पांढऱ्या सुयांच्या रूपात पडतो," आणि वाक्याच्या टोकाचे अक्षर उच्चारून थांबायचे. मग आत्याने शेजारून म्हणायचे, "आउस. बाहीर." म्हणजे क्षार द्रावणातून बाहेर पडतो, तळाशी साका बसतो. वाक्य पुरे झाले की मला काही टिपू न देता मास्तर पान उलटत.

मला संशय न येता तरच नवल. मी शक्यता मांडून पाहिल्या. एक, ह्या गृहस्थांना जर्मन अर्धवटच येते आणि अडचण झाकायला ही युक्ती. दोन, शिकवणी लांबवायची आहे. तीन, आमच्या येण्याजाण्याआडून ह्यांचे भलतेच काही चालले आहे. पहिली शक्यता तपासणे सोपे होते. कॉलेजच्या प्रयोगशाळेतून मी एका जर्मन उपकरणाचे माहितीपत्रक आणले होते आणि त्याचा इंग्रजी मजकूर मला पाठ होता. साळसूदपणे मी ते पुढे केले. त्यांनी न अडखळता अर्थ सांगितला, पत्रक उलटेसुलटे केले, आणि ते माझ्या हाती परत दिले.

"ह्याची इंग्रजी प्रत तुमच्यापाशी आहे."

मी पत्रकाची घडी करून ते वहीत सारले.

"चांगलं केलंत," ते म्हणाले. "मीही हेच केलं असतं." त्या दिवशी त्यांनी आम्हाला प्रथमच चहा दिला. स्वतः मात्र आमचे पिऊन होईपर्यंत त्यांनी कपाला हात लावला नाही.

माझा दुसरा प्रयत्न आत्याकडून उपसर्ग काढून घेण्याचा. ती ताक घुसळत होती.

"मास्तरनं शपथ घातली," ती म्हणाली. "तापीचं पाणी हातात घेऊन. भाचीले सांगणार नाही म्हणून."

"आणि तू घेतलीस?"

"काहून नाही घेणार? तुझ्या बापानं मले तुझ्यावर पहारा ठेवायले धाडलं. मास्तरनं बी पहाराच दिला. मी तर सगळ्याईचीच चौकीदार."

"आत्या, हे माझ्या परीक्षेचं काम आहे."

"असेल. देडतलाईले पंधरा माणसांचं रांधलं, कोणी मले किल्ली नाही दिली कधी. ह्यानं दिली. ते बी जर्मनची." आणि ताकावर आलेले लोणी ती अशा काही एकाग्रतेने गोळा करू लागली, की संभाषण संपले.

परीक्षेची तारीख कळली; पंधरवडा उरला होता. त्या दिवशी मी जैनाबादला पोचताच सरळ विषय काढला.

"मास्तर, परीक्षेत मी एकटी असणार. मला उपसर्ग हवेत."

"दोघी जा."

"उंबऱ्याशी बसून आत्या अर्थ सांगणार? प्राध्यापक खपवून घेणार नाहीत. ही जागा गेली तर माझं पुढचं सगळं गेलं."

"मला ठाऊक आहे," ते म्हणाले, आणि त्यांना खरोखरच ठाऊक होते, हे त्यांच्या आवाजावरून दिसत होते. "पण पुरी वस्तू ज्याला दिली, तो माझ्या दारी परत आलेला नाही. तुम्ही तरी का याल?"

"तुम्हाला भीती आहे की मी हे कुणाला विकेन?"

"सगळेच विकतात. वेळ आली की."

"मंग मले कसं दिलं?" आत्याने उंबऱ्यावरून विचारले. "मी सांगितलं असतं तर तिले?"

मास्तर उठले, खिडकीतली पितळी दुर्बीण त्यांनी उचलली आणि नदीकडे रोखून दाखवली. "तुम्ही नावेत बसता तेव्हापासून मी पाहतो. पहिल्या दिवशीही पाहिलं. एकमेकींकडे पाठ करून. आजही तसंच. तुमचं दोघींचं पटत नाही. म्हणून तर मी शिकवायला तयार झालो. ज्यांचं पटत नाही अशा दोघांतच वाटणी करायची असते."

हे ऐकून मी मनातल्या मनात त्यांच्या तर्काची बाजू तपासू लागले. निरीक्षण बरोबर होते. अनुमानही, रंगाऱ्यांच्या रीतीप्रमाणे, बरोबर होते. आत्या मात्र उठून उभी राहिली होती. तिचा चेहरा मी इतका कठोर कधी पाहिला नव्हता.

"चल वं," ती मला म्हणाली.

परतताना ती नावेत पहिल्यांदाच माझ्याकडे तोंड करून बसली, अर्थात बोलण्यासाठी.

"आपलं पटत नाही हे त्यानं ठरवलं? दुर्बीण लावून? तो कोण ठरवणारा?"

"पटत नाहीच आपलं," मी म्हणाले.

"ते आपल्या घरात. त्याच्या भावानं त्याले लुटलं म्हणून सगळ्याईच्या घरात तेच चालते काय? आणि तू डोक्यावर पदर घे, ऊन लागेल."

मी पदर घेतला. वाद घालण्याची ती वेळ नव्हती.

दुसऱ्या दिवशी उजाडताना मला जात्याच्या आवाजाने जाग आली. ही गोष्ट विचार करण्यासारखी होती. दळण आदल्याच दिवशी झाले होते आणि पिठाचा डबा काठोकाठ भरलेला मी स्वतः पाहिला होता. तरी जाते फिरत होते, आणि त्यावर आत्याची ओवी:

"थोरली सून फेर, उंबरा ओलांडेना,
धाकटी सून आप, चार दिस ग नांदेना."

मी उठून बसले. "फेर" म्हणजे धातूला कायमचा चिकटून राहणारा उपसर्ग. "आप" म्हणजे सुटून टोकाशी पळणारा. जाते फिरत राहिले.

"त्सेरच्या हातामधी भांड्याचे तुकडे झाले,
एन्टचे ग पाखरू फांदीवरून गेले."

"त्सेर" म्हणजे तुकडे होणे, "एन्ट" म्हणजे निघून जाणे. मी पेन्सिल शोधली. पहिल्या सकाळी मला निम्म्या ओव्या उतरवता आल्या. माझी पेन्सिल अडखळे तिथे आत्या तीच ओवी पुन्हा म्हणे, अधिक संथ, आणि पेन्सिल चालू लागली की पुढे जाई. दारात जाऊन मी काही विचारू लागले तर तिने वर पाहिले नाही.

"मी जात्याशी बोलते. तू मधी येऊ नको."

"आणि शपथ?"

"भाचीले सांगायचं नाही म्हणला होता. जात्याचं नाव कुठं घेतलं होतं त्यानं?"

ज्या बाया घरात कुणाशी काही बोलू शकत नाहीत त्या जात्याशी बोलतात, हे आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आले आहे, आणि पलीकडच्या खोलीतल्या माणसांनी ते ऐकूनही ऐकले नाही असे करायचे असते. मास्तरांनी सर्व वाटा बंद केल्या होत्या; पण त्यांच्या घरात जाते नव्हते. पीठ ते विकत आणत, दोन दुकानांतून.

आठवडाभर आमच्या घरी इतके दळले गेले, की बाबांनी घरात लग्न निघाले का असे विचारले. उपसर्ग एकदा हाती आल्यावर बाकीचे काम माझे होते. धातू एका अंगाला, उपसर्ग दुसऱ्या अंगाला असा तक्ता मी करून पाहिला, आणि जे अर्थ तक्त्यात बसले नाहीत ते निमूट पाठ केले. हे सर्व चालू असताना आम्ही जैनाबादला जातच होतो, नावेत पूर्वीसारख्याच एकमेकींकडे पाठ करून. मी अंगणात रूपे घोकत होते, आत्या ओव्या म्हणत होती. त्या ओव्यांत मात्र जर्मनचे अक्षरही नसे. एवढे सोंग ती करू शकते, हे मला माहीत नव्हते, आणि तेव्हापासून तिच्या साधेपणाबद्दल मी जरा जपूनच मत देते.

नागपूरला माझ्यापुढे एका सेंद्रिय आम्लाच्या विघटनावरचा निबंध ठेवला गेला. प्राध्यापक खिडकीबाहेर पाहत होते. थोड्या वेळाने त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. जागा मिळाली.

निघण्यापूर्वी आम्ही दोघी मास्तरांकडे गेलो. दार आम्ही वाजवण्याआधीच उघडले. दुर्बीण टेबलावर होती.

"आज तुम्ही समोरासमोर बसला होतात," ते म्हणाले.

मी उत्तराची जुळवाजुळव करीत होते. त्यांनी हात वर करून मला थांबवले, कपाटातून मासिक काढले, एक पान उघडले आणि आत्याला अंगणात जायला न सांगता मला म्हणाले, "वाचा."

मी वाचले. लांबलचक वाक्ये होती. क्रियापद दुसऱ्या जागी, त्याची शेपटी चार ओळी खाली. मी कुठेही थांबले नाही. आत्याला काही म्हणावे लागले नाही. पान संपले तेव्हा मास्तर डोळे मिटून बसले होते.

"ह्यांनी सांगितलं?"

"मी हिले एक शब्द नाही बोलले," आत्या म्हणाली. "तापीची आण."

मास्तरांनी तिच्याकडे रोखून पाहिले. त्यांना ते खरे वाटले की नाही, ह्याचा मला आजही निर्णय करता येत नाही. रागावलेले दिसत नव्हते. मासिक त्यांनी कपाटात ठेवले, कुलूप लावले, ओढून पाहिले.

"म्हणजे उद्यापासून कोणी येणार नाही," ते कुलपाकडे पाहतच म्हणाले.

"ही नाही येणार," आत्या म्हणाली. "मी येते. मले हिची अर्धी वाटणी पाहिजे. नुसते उपसर्ग घेऊन मी काय करू? घरात कोणी धातू देत नाही."

हे ती माझ्याशी बोललेली नव्हती. बाबांशी बोलण्याचा तर तिने विचारही केला नसावा. मी तिच्याकडे पाहिले. तिने नजर चुकवली.

"एकट्या?" मास्तर म्हणाले. "लोक काय म्हणतील? लोकांचा भरवसा नाही."

"लोकांचा नाही. तुमचा हाय का?"

कोणत्याही प्रश्नाला ताबडतोब भलते उत्तर देण्यात त्यांचा हातखंडा होता. ह्या वेळी त्यांनी घाई केली नाही. त्यांनी खिडकीबाहेर पाहिले. निंबाखाली शिपाई विडी पेटवीत होता. मग त्यांनी आत्याकडे पाहिले.

"ते तुम्ही येऊन तपासा," ते म्हणाले.

"येते," आत्या म्हणाली, आणि माझ्यासाठी न थांबता नावेकडे चालू लागली.